दातवण आणि रंगाऱ्यांचा हिरडा

सोलापूरच्या वस्त्रव्यवसायाचा इतिहास सांगताना 1877 मध्ये सुरू झालेली जुनी मिल आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर यांच्यावरच बहुधा भर दिला जातो. 1884 च्या सोलापूर गॅझेटियरमध्ये नोंदलेले, निळीचे रंगकाम करणारे निराळी आणि त्यांच्यासारखे इतर रंगारी मात्र मागे राहतात. वास्तविक एक पदार्थ दुसऱ्याच्या पृष्ठभागावर कायमचा कसा बसवावा, या प्रश्नाचे व्यावहारिक ज्ञान याच व्यवसायात साठले. कोऱ्या सुतावर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असल्याने पाणी त्यात शिरत नाही. म्हणून देशी रंगकामात सूत आधी खारात उकळून घेत, मग त्याला हिरड्याच्या पाण्याचा हात देत आणि त्यावर तुरटी किंवा हिराकस चढवीत. हिरड्यातील टॅनिन हे तुरट द्रव्य धागा आणि धातूचे क्षार या दोहोंना धरून ठेवते. हिराकशीतील लोहाशी त्याचा संयोग होऊन हवेत घट्ट काळा रंग उमटतो.

हेच हिरडा आणि हिराकस देशावरच्या घराघरांतील दातवणाच्या डबीतही असत. विवाहित स्त्रिया दात काळे करण्यासाठी हे चूर्ण लावीत आणि तो काळेपणा सौभाग्याचे लक्षण मानला जाई. दाताच्या कवचात सुमारे 96 टक्के खनिज असते. पण लाळेतील प्रथिनांचा सूक्ष्म पापुद्रा त्यावर सतत पसरलेला असतो आणि टॅनिन प्रथिनांना पकडते, तेव्हा या प्रसाधनाला दातांचे रंगकाम म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये. जपानमध्येही लोह आणि टॅनिन यांनीच दात काळे करीत; तेथे 1870 मध्ये सरदारवर्गाला या प्रथेची बंदी झाली. महाराष्ट्रात अशा हुकमाची गरज पडली नाही. शिक्षित वर्गाची अभिरुची पालटली आणि पांढरे दात प्रतिष्ठेचे झाले.

आधुनिक दंतवैद्यकानेही रंगकामाकडून अशीच उसनवारी केली, हे विशेष. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत फॉस्फरिक आम्ल वापरतात, हे पाहून अमेरिकेतील मायकेल बुओनोकोर यांनी 1955 मध्ये 85 टक्के आम्ल दाताच्या कवचावर 30 सेकंद लावले. त्यामुळे पडलेल्या सूक्ष्म खाचांत रेझिन, म्हणजे घट्ट होणारी कृत्रिम राळ, रुतून बसली. दातावर बसवायच्या झिरकोनिया या सिरॅमिकच्या टोपणावर मात्र अशा आम्लांचा फारसा उपयोग होत नाही, कारण त्यात आम्लाने झिजणारा काचेचा अंश नसतो. तेथे शीत प्लाझ्माचे, म्हणजे विद्युतशक्तीने अंशतः आयनीभूत केलेल्या वायूचे, प्रयोग चालू आहेत. हा वायू पृष्ठभागावरील कार्बनी मळ काढतो आणि तेथे प्राणवायूयुक्त रासायनिक गट निर्माण करतो, त्यामुळे चिकटद्रव्य थेंबाथेंबाने न राहता पसरते; खारात उकळून मेण काढण्याचेच हे काम, फक्त पाण्यावाचून. मात्र हवेत राहिल्यास हा गुण ओसरत जातो, त्यामुळे प्रक्रियेनंतर चिकटद्रव्य विनाविलंब लावावे लागते.