सनरूफ गळतंय? आधी पन्हळ बघा!

मागच्या जूनमध्ये वसईत रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी बाबांच्या जुन्या गाडीत बसलो आणि पाय थेट ओल्याचिंब मॅटवर! छताच्या कापडावरही पिवळा डाग. मेकॅनिक म्हणाला, "काचेभोवती सिलिकॉन मारून टाकू." मी म्हटलं, थांबा. हे छत बनलं कसं, ते आधी बघू.

सुरुवातीच्या बऱ्याच मोटारींना टप असायचा, टांग्यासारखा. मग पत्र्याच्या बंद गाड्या आल्या आणि लोकांना पुन्हा मोकळ्या हवेची आठवण यायला लागली. १९३७ साली अमेरिकेतल्या नॅश कंपनीने कारखान्यातूनच सनरूफ बसवून द्यायला सुरुवात केली. जर्मनीत वेबास्टो गाड्यांसाठी कापडी घडीची छतं बनवत होती. या नावात संस्थापक विल्हेल्म बायर आणि स्टॉकडॉर्फ हे गाव, दोन्ही लपलेत.

पण छत उघडणारं म्हटल्यावर फटीतून पाणी येणारच. म्हणून पाणी शंभर टक्के अडवायचा हट्ट इथे नाहीच. रबर बरंचसं अडवतं. उरलेलं काचेखालच्या पन्हळीत पडतं आणि कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून, खांबांच्या आतून, गाडीखाली जातं.

हे ऐकलं आणि मला आजीचं कौलारू घर आठवलं. दोन छपरं मिळायची तिथे पत्र्याची पन्हळ होती. मृगाच्या आधी तिच्यातला पाला काढला नाही, तर पाणी माजघरात!

माझ्या गाडीतही तेच. गाडी कायम बदामाच्या झाडाखाली, त्यामुळे पुढची डावी नळी मातीने बुजलेली. मऊ नायलॉनची दोरी हळूहळू आत सरकवली. कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारायची नाही हं, नळी आतल्या आत निसटते. मग कपभर पाणी ओतलं. पुढच्या चाकामागून धार लागली, काय आनंद झाला सांगू! सिलिकॉन मारलं असतं तर काच सरकायची बंद झाली असती. कार्पेट मात्र उचलून वाळवावं लागलं. त्याखाली वायरिंग असतं.

जुलै २०१८ आठवतोय? नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली, गाड्या अडकलेल्या, एनडीआरएफला बोलवावं लागलं. गाडी असो, घर असो की आपलं वसई-विरार, पाण्याची वाट बुजवली की ते आत शिरतंच.

तर मंडळी, पावसाआधी एक कप पाणी ओतून बघा. कुठून बाहेर पडतंय, मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!