ज्वालामुखी नसलेलं ज्वालामुखीचं तळं

हल्ली आमच्या आयटीतल्या कोणाची बालीची सहल ठरली, की बातुर ज्वालामुखी आणि त्याच्या पोटातलं तळं यादीत असतंच. जरा हौशी मंडळी फ्लोरेस बेटापर्यंत जातात, केलिमुतूची तीन रंगांची तीन तळी बघायला. मग कुणीतरी विचारतं, ‘आपल्याकडे असं काही नाही का?’ आणि उत्तर येतं, ‘आहे की, लोणार!’ हे उत्तर चुकीचं आहे. पण ते दीडशे वर्षं भल्याभल्यांनी दिलेलं आहे, म्हणून त्याचा इतिहास बघण्यासारखा आहे.

लोणार लोकांना आधीपासून माहीत होतंच. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ लवणासुराच्या वधाची कथा सांगतं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाडचं वर्णन करताना इथे काच आणि साबण करायला लागणारा माल मिळतो, अशी नोंद केली. तळं म्हणजे महसूल, एवढा साधा हिशेब. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाचा ब्रिटिश अधिकारी इथे आला आणि ‘हे झालं कसं?’ हा प्रश्न सुरू झाला.

साधारण 1.8 किलोमीटर व्यासाचा जवळजवळ गोल खड्डा, उचललेली कड, खारं पाणी, आणि सगळीकडे काळा कातळ. हा कातळ थिजलेला लाव्हा आहे हे तोवर कळत होतं. मग लाव्हाच्या देशात गोल खड्डा दिसला, तर तो ज्वालामुखीचाच असणार. कुणी स्फोट म्हटलं, कुणी जमीन खचली म्हटलं.

यात एक अडचण होती. दख्खनचा लाव्हा शंकूसारख्या डोंगरांतून नव्हे, तर लांबलचक भेगांतून बाहेर आला, आणि तोही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. मालवणच्या आसपास त्याची दक्षिणेकडची कड येते आणि त्याखालचे फार जुने खडक उघडे पडतात. आंबोलीच्या घाटात मात्र तोच काळा कातळ पुन्हा भेटतो. कोट्यवधी वर्षांच्या पावसाने एवढा सह्याद्री कोरून काढला, मग लोणारची कड इतकी ताजी कशी राहिली? म्हणजे खड्डा खडकापेक्षा खूपच तरुण आहे. आणि विझलेल्या प्रदेशात एकच स्फोट, एकाच जागी कशाला होईल?

1896 मध्ये अमेरिकन भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्टने अॅरिझोनातल्या अशाच खड्ड्याशी लोणारची तुलना केली. जोडी अगदी अचूक लावली, पण निष्कर्ष काढला वाफेच्या स्फोटाचा. उल्कापाताची शक्यता त्याने मोजमाप करून नाकारली होती. लोखंडाचा मोठा गोळा खाली पुरलेला सापडायला हवा, असं त्याचं गृहीतक होतं. आदळणारी वस्तू स्वतःच बहुतांशी नष्ट होते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

निकाल लागला 1973 मध्ये. स्मिथसोनियन संस्था आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांच्या शास्त्रज्ञांनी तळ्याच्या तळात खोल छिद्रं पाडून नमुने काढले आणि ‘सायन्स’ नियतकालिकात लेख लिहिला. नमुन्यांत मॅस्केलिनाइट होतं. खडकातल्या फेल्डस्पार खनिजाला हवेच्या दाबाच्या लाखो पट धक्का बसला, की स्फटिकाचा आकार तसाच राहून आतून काच होते. ज्वालामुखी एवढा धक्का देऊ शकत नाही.

गंमत म्हणजे ही काच पहिल्यांदा ओळखली गेली 1872 मध्ये, बिहारमधल्या शेरघाटीला 1865 साली पडलेल्या उल्केत. ती उल्का मंगळावरून आलेली आहे, हे पुढे कळलं. पुरावा ओळखण्याची किल्ली शंभर वर्षं उपलब्ध होती; ती लोणारच्या कुलपाला लावून बघायचं राहिलं होतं.

वाद मात्र संपलेला नाही. खड्ड्याचं वय एका पद्धतीने सुमारे 52 हजार वर्षं येतं, दुसरीने सुमारे 5 लाख 70 हजार. दहापटीहून जास्त फरक! पहिला आकडा खरा असेल, तर त्या आदळण्याचा आवाज या पठारावरच्या माणसांनी ऐकला असण्याची शक्यता आहे.