न आलेल्या रुग्णाचा हिशेब

कर्करोगाचे उपचार संपतात त्या दिवशी रुग्णाच्या फाईलवर पुढची तारीख पडते. ती तारीख चुकली की रुग्णालयाच्या नोंदवहीत रकाना कोरा राहतो, आणि बोलताना मात्र ‘लोकांना गांभीर्य नाही’ असा शेरा मारला जातो. या शेऱ्याने काहीच कळत नाही. कोऱ्या रकान्यामागे किमान चार वेगळी माणसे असू शकतात. एकाला बरे वाटते म्हणून तो आला नाही. दुसरा हैदराबादला किंवा मुंबईला दाखवू लागला. तिसऱ्याला यायचे होते, पण जमले नाही. चौथा वारला. नोंदवहीला चौघे सारखेच दिसतात, उपाय मात्र प्रत्येकासाठी निराळा हवा.

आधी तारीख कशासाठी असते ते पाहू. तोंडाचा कर्करोग उलटला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. म्हणून पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दोन ते सहा महिन्यांनी तपासणीचा रिवाज आहे. तंबाखूने तोंडाचे सगळेच अस्तर पोळलेले असते. जुनी जागा स्वच्छ असली तरी दुसरीकडे नवा रोग उभा राहू शकतो. मानेवर रेडिएशन झाले असेल तर दर सहा ते बारा महिन्यांनी थायरॉईडची रक्ततपासणी लागते. गर्भाशयमुखाच्या रेडिएशननंतर लघवीतून किंवा शौचावाटे रक्त जाण्याचा त्रास काही वर्षांनीही सुरू होतो. स्तनाच्या काही कर्करोगांत संप्रेरकरोधक गोळ्या पाच वर्षे किंवा त्याहून अधिक चालतात, आणि रोग पाच वर्षांनंतरही परतू शकतो. म्हणजे ‘बरे वाटते’ हा निकष इथे फसवा आहे.

यातच एक सोय दडली आहे. तोंड आणि मान तपासायला अनुभवी डोळे आणि बोटे लागतात. प्रत्येक वेळी सीटी स्कॅन लागत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या किनवटच्या माणसाला केवळ जबडा उघडून दाखवण्यासाठी मुंबईची गाडी धरायला लावणे अनाठायी आहे. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लातूरला विवेकानंद रुग्णालयाची कर्करोग सेवा आहे. मूळ रुग्णालयाने काय तपासायचे आणि कशावर संशय धरायचा हे एका पानावर मराठीत लिहून दिले, तर बऱ्याच फेऱ्या जिल्ह्यातच भागतील.

प्रवासाच्या सवलती आहेत. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. रेल्वेत तपासणीला निघालेल्या कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीत पूर्ण, तर सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते आणि ते घरी पाठवतानाच हातात दिलेले बरे. उपचारांच्या खर्चासाठीची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेड होते. तिच्या ९७१ उपचारांसोबत पाठपुराव्याची १२१ पॅकेजेसही होती. पाठपुरावा हा उपचाराचाच भाग असतो, हे शासनाने तेव्हाच मान्य केले. ही योजना आता महात्मा फुलेंच्या नावाने चालते. आपल्या आजाराला त्यातले काय लागू पडते, ते आरोग्यमित्राला विचारावे.

पण रुग्ण आणि सोबती या दोघांची बुडालेली मजुरी कोणतीही सवलत भरून देत नाही. जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, दिवाळीनंतर मुखेड-कंधार-जळकोटकडची कुटुंबे ऊसतोडीला. तीन महिने मोजून टाकलेली तारीख नेमकी यांतच अडकते. वेळापत्रकात मुळातच एक ते तीन महिन्यांची सैल जागा आहे. तब्येतीची तक्रार नसेल तर डॉक्टर तारीख पंधरा दिवस अलीकडे-पलीकडे करू शकतात. तोडीला जाण्याआधीची तारीख मागावी, असे रुग्णाला कोणी सांगतच नाही.

न आलेल्याकडे आपण जायचे, ही रीत आपल्या शेजारीच रुजली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय १९८२चे. तिथे १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रुग्ण दारात येण्याची वाट न पाहता कर्मचारी गावोगाव हिंडले. पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचण्यांचा अभ्यास झाला. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूच्या चाचणीच्या गटात ३४ मृत्यू, नेहमीचीच सेवा मिळालेल्या गटात ६४. हा फरक दिसला तो आठ वर्षे गावांशी धागा न तुटल्यामुळे. संशोधनासाठी जे जमले, ते सेवेसाठी जमणार नाही असे म्हणणे मला पटत नाही. क्षयाच्या कार्यक्रमात औषध सोडणाऱ्याला शोधत माणूस घरी जातोच. कर्करोगात आशाताईंची भेट मुख्यतः नवा रोगी हुडकण्यापुरती उरते.

फोनवरून शोधणेही असेच अर्धवट राहते. फाईलवर बहुतेकदा सोबत आलेल्या मुलाचा किंवा जावयाचा नंबर असतो, आणि तो पुण्यात कामाला असतो. रुग्णाचा, शेजाऱ्याचा आणि गावच्या आशाताईचा असे तीन नंबर हवेत. फोन तारखेच्या आठवडाभर आधी जावा, म्हणजे पैशांची जुळवाजुळव होते. मनुष्यबळ तोकडे असेल तर यादीला क्रम लावावा: उपचार संपून दोन वर्षे न झालेले तोंडाचे आणि गर्भाशयमुखाचे रुग्ण आधी, त्यातही तंबाखू न सुटलेले आणि एकट्याने राहणारे सर्वांत वर. फोनवर मृत्यूची बातमी मिळाली तर तीही लिहावी. नाहीतर रुग्णालयाला आपल्याच उपचारांचे फळ कधी कळणार नाही.