पिशवीच्या तोंडाच्या तपासणीत ‘पॉझिटिव्ह’ आलं, म्हणजे कॅन्सर झाला का?

जळगाव/धुळे : आरोग्य शिबिरात किंवा दवाखान्यात गर्भाशयमुखाची, म्हणजे बोलीत पिशवीच्या तोंडाची, तपासणी होते. रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ असा शब्द दिसला की घरात घबराट होते. काही जणी रिपोर्ट लपवून ठेवतात, तर काही थेट पिशवी काढायला तयार होतात. दोन्ही चुकीचं आहे. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, पण पुढची तपासणी चुकवायची नाही.

एचपीव्ही म्हणजे काय?
हा शरीरसंबंधातून पसरणारा विषाणू आहे. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. त्यातले १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरला कारणीभूत असतात. हा संसर्ग अतिशय सामान्य आहे आणि बहुतेक वेळा एक-दोन वर्षांत शरीर तो स्वतःच घालवते. काही जणींत तो टिकून राहतो आणि पेशी बदलू लागतात. या बदलांचा कॅन्सर व्हायला साधारण १० ते १५ वर्षं लागतात. तेवढ्या काळात उपचार करता येतात.

संसर्ग नेमका कधी आणि कोणाकडून झाला, हे रिपोर्टवरून कळत नाही. तो जुनाही असू शकतो. त्यामुळे बाईच्या किंवा नवऱ्याच्या चारित्र्यावर संशय घेण्याला काही आधार नाही.

कोणत्या रिपोर्टचा काय अर्थ?
व्हीआयए पॉझिटिव्ह : अॅसिटिक अॅसिडचं पातळ द्रावण लावल्यावर पिशवीच्या तोंडावर पांढरा डाग दिसला. साध्या सुजेमुळेही असं होतं.
एचपीव्ही पॉझिटिव्ह : धोकादायक प्रकाराचा विषाणू सापडला. १६ किंवा १८ असेल तर सहसा थेट कॉल्पोस्कोपी करतात. बाकी प्रकारांत आधी दुसरी चाचणी होते. ती चांगली आली तरी डॉक्टर सांगतील त्या मुदतीत पुन्हा तपासायचं.
पॅपमध्ये एएससी-यूएस किंवा एलएसआयएल : किरकोळ बदल. ते बरेचदा आपोआप जातात, पण लक्ष ठेवावं लागतं.
पॅपमध्ये एचएसआयएल : गंभीर बदल. कॉल्पोस्कोपी लांबवू नये.
नमुना अपुरा : यात चांगलं-वाईट काहीच ठरत नाही. तपासणी पुन्हा करायची.

कॉल्पोस्कोपी म्हणजे भिंगातून पिशवीचं तोंड बारकाईने पाहणं. शंका आली तर छोटा तुकडा काढून तपासतात, त्याला बायोप्सी म्हणतात. पक्कं निदान त्यावरच होतं.

पिशवी काढावीच लागते का?
कॅन्सरपूर्व बदलांसाठी सहसा नाही. गोठवून, उष्णता देऊन किंवा लीप पद्धतीने फक्त बिघडलेला भाग काढतात. पिशवी शाबूत राहते, पुढे मूलही होऊ शकतं. बायोप्सी न करताच कोणी पिशवी काढायला सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

तपासणीचा खरंच फायदा होतो?
याचं उत्तर महाराष्ट्रातल्याच खेड्यांनी दिलं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ५२ गावसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक महिलांवर मोठा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय त्यात होतं. २००९ मध्ये निष्कर्ष आले : आठ वर्षांत, एकदाच एचपीव्ही चाचणीची सोय झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले.

कधी, कुठे?
सरकारी कार्यक्रमात वयाच्या तिशीपासून दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी आहे. त्रास नसला तरी ती करावी, कारण सुरुवातीला काहीच दुखत-खुपत नाही. आशाताईकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी. पुढच्या तपासण्यांसाठी जळगाव व धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत विचारता येईल. जाताना जुना रिपोर्ट सोबत न्यावा.

संबंधानंतर रक्त जाणं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणं, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणं, यातलं काही असेल तर शिबिराची वाट पाहू नये. कापूस वेचणी संपू दे, मग बघू, असंही म्हणू नये.

मुलींसाठी एचपीव्हीची लस आहे. ९ ते १४ वयात तिचा सर्वाधिक फायदा होतो. मात्र लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी सुटत नाही.