भिंत, मैदान आणि आजीचा ओटा

आजचा भाग मुंबईच्या मैदानांवर आहे. पण सुरुवात आमच्या कुंभिवलीतून करतो, कारण भांडण तिथलं आहे.

गेल्या महिन्यात देवळासमोरच्या मोकळ्या जागेतून रात्री एक बाइक चोरीला गेली. झालं! व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरायला लागलं: आठ फुटी भिंत घाला, लोखंडी गेट लावा, संध्याकाळी सातला कुलूप. मीही थम्सअप टाकला. सॉफ्टवेअरवाला माणूस, ‘लॉक करा’ हे उत्तर मला लगेच पटतं.

धाकटी बहीण म्हणाली, “दादा, सातनंतर आम्ही मुलींनी चालायला कुठे जायचं? हायवेवर?” आणि आजी म्हणाली, “भिंत घातलीत तर मी ओट्यावर बसून काय बघू, विटा?”

मग जरा इतिहास चाळला.

सुरुवात आपल्याच खालापूर तालुक्यात. फेब्रुवारी १६६१. कारतलबखानाचं सैन्य उंबरखिंडीत शिरलं आणि शिवाजी महाराजांनी ते तिथेच कोंडलं. वाट अरुंद, आजूबाजूला दाट झाडी, निसटायला जागा नाही. लपलेल्याला सगळं दिसतं, चालणाऱ्याला काहीच नाही. शत्रूला अडवायला अशी जागा उत्तम. पण गावातली गल्ली किंवा बाग तशी झाली, तर अडकतो आपणच.

आता खोपोली लोकल पकडून थेट सीएसएमटीला या, आणि सालात १७३९ पर्यंत मागे चला. चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मुंबईतल्या इंग्रजांची झोप उडाली. व्यापाऱ्यांकडून वर्गणी घेऊन त्यांनी किल्ल्याभोवती खंदक खणायला घेतला. तटाबाहेरची घरं-झाडं हटवून जमीन मोकळी केली, कारण तोफेसमोर आडोसा नको. या मोकळ्या पट्ट्याला एस्प्लनेड म्हणायचे. १८०३ साली किल्ल्यात मोठी आग लागली, त्यानंतर तो आणखी वाढवला.

पुढे १८६० च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, तट पाडले. भिंत गेली, मोकळी जागा राहिली. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, कूपरेज हे त्याच पट्ट्याचे तुकडे. म्हणजे बघा, आज जिथे पोरं क्रिकेट खेळतात ती जागा मुळात सुरक्षेसाठी मोकळी ठेवलेली होती!

त्यातलं ओव्हल नीट बघू. साधारण २२ एकर. पूर्वेला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर. पश्चिमेला पूर्वी समुद्र होता. भराव पडल्यावर १९३० च्या दशकात तिथे आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या, मैदानाकडे तोंड करून, बाल्कन्यांसकट. तरीही १९९० च्या दशकापर्यंत मैदानाची दुर्दशा झाली. देखभाल नाही, नशेबाजांचा वावर, आणि त्यामुळे सामान्य माणूस तिकडे फिरकेना.

शेजारच्या रहिवाशांनी संघटना केली आणि हायकोर्टात गेले. पुढे मैदानाच्या देखभालीची जबाबदारीही त्यांनी घेतली. कुंपण घातलं, पण गजांचं, आरपार दिसेल असं. मधून चालायची वाट ठेवली. लोक परत आले. २०१८ मध्ये हे मैदान आणि भोवतालच्या इमारती मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या.

अमेरिकेत जेन जेकब्ज नावाच्या लेखिकेने १९६१ मध्ये हेच मांडलं होतं: रस्ता सुरक्षित राहतो तो त्यावर असलेल्या लोकांच्या नजरांमुळे. आमच्या आजीने ते पुस्तक वाचलेलं नाही. पण गल्लीत नवीन गाडी आली की नंबर तिला पाठ असतो.

आता तुम्ही म्हणाल, भुरट्या चोराचं ठीक, पण बॉम्बचं काय? प्रश्न बरोबर आहे. २५ ऑगस्ट २००३ ला गेटवे ऑफ इंडियाजवळ स्फोट झाला. २६ नोव्हेंबर २००८ तर आपण सगळेच जाणतो. तिथे तपासणी लागणारच. पण अडथळा म्हणजे दरवेळी पत्रे आणि काटेरी तारच हवी असं नाही. लंडनमध्ये आर्सेनल क्लबच्या स्टेडियमबाहेर क्लबचं नाव मोठाल्या काँक्रीटच्या अक्षरांत उभं आहे. पोरं त्यावर बसतात, सेल्फी काढतात. खरं काम वेगळंच: भरधाव गाडी गर्दीत घुसू नये. आपल्याकडेही गावोगावी ‘आय लव्ह अमुक’ची अक्षरं लागतात. तीच जरा भक्कम करून योग्य जागी बसवली, तर?

म्हणून धोका कोणता ते आधी ठरवा, मग उपाय. आमचा धोका म्हणजे रात्रीचा अंधार आणि पारामागचा आडोसा. आठ फुटी भिंत तो आडोसा वाढवेल. चोर एकदा आत उतरला की बाहेरून कुणालाच दिसणार नाही.

रविवारी देवळात बैठक आहे. मी माझा थम्सअप मागे घेतलाय आणि कागदावर नकाशा काढलाय: भिंतीऐवजी बसता येईल असा गुडघाभर उंचीचा कट्टा, त्यावरून बाइक बाहेर काढता येत नाही. येण्याजाण्याच्या दोन वाटा, दोन्ही आजीच्या ओट्यावरून दिसणाऱ्या. पारामागे दिवा, खालच्या फांद्या छाटलेल्या, आणि रात्री बाइकला साखळी. कुलूप लागलंच तर ते बाइकला लागू दे, मैदानाला नको.

काका मंडळी ऐकतील का? माहीत नाही. बोलायला बहीण उभी राहणार आहे, मी नकाशा धरणार आहे. काय झालं ते पुढच्या भागात सांगतो. तोवर तुमच्या गावातली अशी एखादी जागा संध्याकाळी सातनंतर जाऊन बघा. कोण दिसतंय, आणि कोण यायचं बंद झालंय?