साताऱ्याची इंग्रजी पहिली आणि आपल्या लेकरांची वाचा



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत कुणी धम्मावर लिहितं, कुणी चळवळीवर. यंदा आम्ही इंग्रजी बोलण्यावर लिहायचं ठरवलं. काहींना वाटेल, विहाराच्या पुस्तकात इंग्रजीचं काय काम? पण बंधू-भगिनींनो, आपला इतिहास उघडून बघा. इंग्रजीचा प्रश्न आपल्या चळवळीच्या मुळाशीच आहे, आणि त्याची मोठी हकीकत आपल्याच भागात घडलेली आहे. १९४९ साली सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणजे साताऱ्याचा इतिहास हा सांगलीकरांच्याही घरचाच.

नायगाव आणि कटगुण

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. १८५४ साली त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह निघाला. शूद्रातिशूद्रांनी इंग्रजी शिकावी असं सांगणारी कविता त्यात आहे. ज्या काळात बाईनं पाटी धरली तर शेणगोळे खावे लागत, त्या काळात ही माऊली इंग्रजी शिका म्हणत होती! महात्मा फुले यांच्या घराण्याचं मूळ गाव कटगुण, तेही साताऱ्यातलंच. जोतीराव पुण्याला स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले, आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे रयतेच्या शिक्षणाची कैफियत त्यांनी इंग्रजीतून मांडली. सरकारला जी भाषा समजते तीत आपलं दुःख आपणच सांगायचं, मध्ये दलाल नको, हा धडा त्यांनी घालून दिला.

इंग्रजी पहिलीचा वर्ग

ता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सुभेदार रामजी यांच्या मुलाचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलात इंग्रजी पहिलीत दाखल झालं. हीच शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. रजिस्टरात नाव ‘भिवा रामजी आंबेडकर’, क्रमांक १९१४. २०१७ सालापासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं, ते याचमुळे.

पण तो वर्ग कसा होता? बसायला वेगळं गोणपाट. ते रोज घरून न्यायचं आणि घरी आणायचं. तहान लागली तर शिपायानं पाणी द्यायचं. शिपाई नसला तर पाणी नाही. अशा वर्गात कोपऱ्यात बसलेल्या पोराचा आवाज फुटणार कसा?

आवाज फुटला तो घरी. रामजीबाबा पलटणीतले, लष्करी शाळेत हेडमास्तर राहिलेले. त्यांनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं पाठ करून घेतली, तर्खडकरांच्या भाषांतराच्या पुस्तकांचा सराव करून घेतला. मराठीचं इंग्रजी कर, इंग्रजीचं मराठी कर, हा शब्द इथं का बसला, दुसरा का नाही, असा तो अभ्यास. पुढं मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत बाप रात्री दोन वाजेपर्यंत जागा राहायचा आणि मग पोराला अभ्यासाला उठवायचा. आम्ही गिरणीत रात्रपाळ्या केल्यात, म्हणून रात्री दोनची ती वेळ काय असते ते आम्हाला माहीत आहे.

मसूरचं स्टेशन

१९०१ ची गोष्ट. वडील गोरेगावला नोकरीवर होते. सुट्टीत त्यांच्याकडे जायला म्हणून भिवा, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुलं रेल्वेनं मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कुणी आलं नाही. जात कळल्यावर एकही गाडीवान गाडी हाकायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन, गाडी पोरांनीच हाकायची या बोलीवर एक जण तयार झाला. रात्री टोलनाक्यावर पाणी मागायची वेळ आली. गाडीवानानं सांगितलं, मुसलमान आहोत म्हणा. भिवाला उर्दू चांगली येत होती. तो उर्दूत बोलला. तरीही पाणी मिळालं नाही.

या हकिकतीवर आम्ही पुष्कळ विचार केला. नऊ वर्षांच्या पोराला परकी भाषा सफाईनं बोलता येत होती, पण त्या रात्री ती स्वतःला लपवण्यासाठी बोलावी लागली. पुढं मोठेपणी बाबासाहेबांनी हीच हकीकत इंग्रजीत लिहून ठेवली, परदेशातल्या लोकांना अस्पृश्यता म्हणजे काय ते कळावं म्हणून. आता नाव लपवायचं नव्हतं. मी अमुक, माझ्यावर असं असं गुदरलं, हे ताठ मानेनं सांगायचं होतं. भाषा येणं ही एक गोष्ट आणि त्या भाषेत स्वतःच्या नावानं उभं राहणं ही दुसरी. आत्मविश्वास म्हणतात तो हा दुसरा.

तो एका दिवसात आला नाही. १९१३ साली बाबासाहेब अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. ९ मे १९१६ रोजी जातिसंस्थेवरचा निबंध त्यांनी तिथल्या विद्वानांपुढे वाचला. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. हा काय शिकवणार, असं सुरुवातीला मुलांना वाटे. पुढं दुसऱ्या कॉलेजची मुलंही त्यांचं व्याख्यान ऐकायला येऊन बसू लागली. १९१९ साली साउथबरो कमिटीपुढे साक्ष दिली, १९२० साली ‘मूकनायक’ काढला, आणि २० नोव्हेंबर १९३० रोजी लंडनच्या गोलमेज परिषदेत ब्रिटिश पंतप्रधानांसमोर, तुमच्या राज्यात आमची अस्पृश्यता गेली नाही, असं इंग्रजांना त्यांच्याच भाषेत सुनावलं. कुठं गोणपाट आणि कुठं लंडन! मधली तीस वर्षं सरावाची आहेत.

बोर्डिंगातली पोरं

साताऱ्याचाच दुसरा दाखला कर्मवीर भाऊराव पाटलांचा. १९१९ साली काले इथं रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ ला साताऱ्यात आली. छत्रपती शाहू बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवली, एकत्र शिकली. याच बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील पुढं बॅरिस्टर झाले, शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. जोतीरावांच्या ‘गुलामगिरी’चं त्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १९९१ साली महाराष्ट्र शासनानं छापलं. कटगुणच्या घराण्यातल्या पुरुषाचा ग्रंथ साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या पोरानं जगापुढं नेला, याहून मोठा पुरावा कोणता?

भीती कशाची?

आता आपल्या वस्तीकडे या. आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून होती. सन २००० पासून मराठी शाळांतही ती पहिलीपासून आली. तरीही पदवी घेतलेली आपली मुलगी मुलाखतीला गेली, साहेबानं ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ म्हटलं की हिची मान खाली. शब्द येत नाहीत असं नाही. पेपर तिनं इंग्रजीतच लिहिलेत. भीती असते ती हसण्याची. चुकलो तर हसतील, आणि नुसतं चुकीला नाही, आपल्या आडनावाला, वस्तीला, आईबापाला हसतील. ही भीती पोरांच्या पोटात पिढ्यान् पिढ्या साठलेली आहे. ती नुसत्या व्याकरणाच्या पुस्तकानं जात नाही.

मग कशानं जाते? उत्तर आपल्या विहारातच आहे. तीन वर्षांचं पोर इथं त्रिशरण पंचशील म्हणतं. ती पाली भाषा. आपल्यापैकी कुणाच्या घरी पाली बोलतात? एकाच्याही नाही. तरी पोरगं छाती भरून म्हणतं. का? कारण सगळे मिळून मोठ्यानं म्हणतात, रोज म्हणतात, पोर अडखळलं तर शेजारची आजी पुढचा शब्द सांगते, आणि कुणी हसत नाही. रामजीबाबांनी साताऱ्यात दुसरं काय केलं? मोठ्यानं म्हणून घेतलं, रोज करून घेतलं, आणि पाठीशी उभे राहिले.

तेव्हा आमचं सांगणं एवढंच. रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास इंग्रजीचा ठेवावा. एक उतारा सगळ्यांनी मिळून मोठ्यानं वाचावा. एकेकानं उभं राहून आपलं नाव, आपली वस्ती, आईबाप काय काम करतात, हे पाच वाक्यांत इंग्रजीत सांगावं. आई भांडी घासते, बाप गिरणीत आहे, हेच सांगावं, काही लपवू नये. पुढच्या रविवारी सहा वाक्यं. चुकलं तर दुरुस्त करायला आपली शिकलेली पोरं आहेत. हसण्याला मात्र इथं बंदी. आयाबायांनीही बसावं. समजलं नाही तरी चालेल, आई समोर बसलीय म्हटल्यावर लेकराला बळ येतं.

मराठी आपली मायबोली, ती सोडा असं कुणी म्हणत नाही. बाबासाहेबांनी लंडन पाहिलं, पण ‘मूकनायक’ मराठीतच काढला. मुक्यांना वाचा फुटली पाहिजे, हेच त्यांचं म्हणणं. ती मराठीत फुटली, आता इंग्रजीतही फुटू द्या.

जय भीम! जय भारत!