मिलो, हायब्रीड आणि मालदांडी



दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत अमेरिकेचे घरगुती जीवन फार झपाट्याने पालटले. शहराबाहेर नव्या वसाहती उठल्या, दारात मोटार आली, स्वयंपाकघरात शीतकपाट आले आणि बैठकीच्या खोलीत दूरचित्रवाणी आली. १९५० साली दर शंभर घरांपैकी सुमारे ९ घरांत असलेले हे यंत्र १९६० साली सुमारे ८७ घरांत पोचले होते. या पालटाचा इतिहास सांगताना मोटार आणि दूरचित्रवाणी यांचीच नावे पुढे येतात. आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या दृष्टीने मात्र त्या काळातील एक साधी वस्तू अधिक महत्त्वाची आहे. ती म्हणजे ज्वारीचे कणीस.

ज्वारी मूळची आफ्रिकेची. हिंदुस्थानात ती हजारो वर्षांपूर्वी आली आणि दख्खनच्या काळ्या जमिनीत आपलीच झाली. अमेरिकेत ती फार उशिरा, काही अंशी गुलामांच्या व्यापाराबरोबर, गेली. मिलो आणि काफिर या तिच्या जाती टेक्सस व कॅन्ससच्या कोरड्या मुलखात रुजल्या. म्हणजे तिकडची आणि इकडची ज्वारी या एकाच आईच्या दोन लेकी. परंतु त्या पडल्या दोन निराळ्या सासरी. आपल्याकडे ज्वारी माणसाच्या ताटात गेली, तिकडे ती गुरांच्या गव्हाणीत गेली. आपल्याकडे ताट उंच असणे हा गुण, कारण त्याचा कडबा होतो. तिकडे उंच ताट ही अडचण, कारण कापणी आणि मळणी एकाच वेळी करणारे कंबाइन यंत्र त्यात अडखळते. म्हणून तिकडच्या शेतकऱ्यांनी व संशोधकांनी बुटकी ज्वारी निवडली. एका वाणाचे नावच 'कंबाइन काफिर' असे पडले.

ज्वारीच्या एकाच इवल्या फुलात नर आणि मादी अशी दोन्ही अंगे असतात. त्यामुळे दोन वाणांचा संकर मोठ्या प्रमाणावर घडवून आणणे अशक्यप्राय होते. एकेक फूल हाताने कोण सोलीत बसणार? १९५४ साली टेक्ससमधील स्टीफन्स आणि हॉलंड या संशोधकांनी, जिचे पराग वांझ असतात अशी ज्वारी सिद्ध केल्याचे जाहीर केले. अशा ज्वारीच्या ओळींशेजारी दुसऱ्या वाणाच्या ओळी लावल्या की उरलेले काम वारा करतो. १९५६ च्या सुमारास हे संकरित बियाणे तिकडच्या बाजारात आले आणि थोड्याच वर्षांत तेथील बहुतेक रानात पसरले. अमेरिकेत मांसाहार वाढत होता; मोटारीतून येऊन झटपट खाण्याची हॉटेले रस्तोरस्ती निघत होती. त्या मांसासाठी गुरे पोसावयाची तर धान्य हवे, आणि ते संकरित ज्वारीने पुरविले. सुबत्तेच्या त्या जीवनाच्या तळाशी हे बुटके कणीस होते.

याच सुमारास आपला जिल्हा राज्ये बदलीत होता. १९४८ साली निजामी संपली, १९५६ साली आपण हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आलो आणि १९६० साली महाराष्ट्रात. धान्याची टंचाई मात्र तिन्ही राज्यांत बरोबरच होती. भारतीय कृषी अनुसंधान परिषद व अमेरिकेचे रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने येथे संकरित ज्वारीचे संशोधन चालले होते. त्यातून १९६४ साली 'सी. एस. एच. १' हा वाण प्रसृत झाला. त्याचा मातृवंश होता अमेरिकेचाच 'कंबाइन काफिर ६०'. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण करण्याचा पण केला होता. त्यांनी या बियाण्यामागे सरकारचे सारे बळ उभे केले. ग्रामसेवकाने बांधावर येऊन सांगितले, रेडिओने सांगितले, आणि लोकांनी त्या ज्वारीला नाव दिले 'हायब्रीड'.

हायब्रीडने धान्य वाढविले, हे प्रथम मान्य केले पाहिजे. सुमारे शंभर दिवसांत पीक हाती येई आणि खत-पाणी मिळाले तर उतारा जुन्या वाणांहून कितीतरी अधिक पडे. परंतु त्या बियाण्याबरोबर त्याच्या माहेरची रीतही आली. ताट बुटके, म्हणून कडबा थोडा. टेक्ससच्या शेतकऱ्याला त्याचे दुःख नव्हते, कारण त्याचे इंजिन तेलावर चाले. आपले इंजिन, म्हणजे बैल, कडब्यावर चालत होते. पीक लवकर पिके, तेव्हा परतीचा पाऊस कणसावर पडे आणि दाणे काळे पडत. भाकरी काटवटीतच चिरे. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे बियाणे दरसाल विकत घ्यावे लागे. पूर्वी खळ्यावर उत्तम कणसे निवडून, ती राखून ठेवण्याचे काम घरात होई आणि त्यात बायकांची पारख असे. संकरित दाणा पुन्हा पेरला तर तो गुण टिकत नाही. अशा रीतीने बियाण्याची किल्ली घरातून दुकानात गेली.

पुढे १९७२ चा दुष्काळ आला. रानेच्या राने ओस पडली, माणसे खडी फोडावयास व तलावांच्या कामांवर गेली. कामावर सुकडी मिळे आणि रेशनच्या दुकानात अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळे. जी ज्वारी तिकडे जनावरांसाठी पिकविलेली होती, तिच्या भाकरीवर इकडे माणसे जगली. त्या दाण्याने प्राण वाचविले, म्हणून त्याला नावे ठेवणे योग्य नव्हे. तथापि, एकाच दाण्याचे दोन समाजांतील दोन अर्थ इतक्या उघडपणे क्वचितच दिसले असतील.

आपल्या शेतकऱ्याने यावर आपला निकाल दिला, तो मोठा विचारपूर्वक दिला. खरिपात त्याने हायब्रीड घेतले, रब्बीत मात्र मालदांडी सोडली नाही. शेजारच्या मोहोळ येथे १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेला 'एम ३५-१' हा वाण ओलीवर येतो, पांढरी भाकरी देतो आणि उंच कडबा देतो. वेळ अमावास्येला रानात कडब्याची कोप उभी राहते आणि ज्वारीच्या पिठाचे आंबील होते, ते या रब्बी ज्वारीच्याच सोबतीने. भाषेनेही निकाल दिला. अंगाने वाढलेल्या पण दमाने कमी असलेल्या पोराला म्हातारी माणसे 'हायब्रीड' म्हणू लागली.

आज खरिपातील ज्वारीची जागा बहुतांशी सोयाबीनने घेतली आहे. युद्धोत्तर अमेरिकेने ज्या पिकाला मोठे केले, तेच हे पीक. १९६० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने जबलपूर व पंतनगर येथे त्याचे प्रयोग झाले. सोयाबीनचे बियाणे घरी राखता येते, हा त्याचा गुण. पण त्याचे तेल निघते आणि पेंड मुख्यतः कोंबड्या-जनावरांच्या खाद्यासाठी जाते. म्हणजे ज्या रानातून पूर्वी थेट भाकरी आणि कडबा घरी येई, तेथून आता प्रथम पैसा येतो आणि भाकरी बाजारातून आणावी लागते. शेतकऱ्याने हे डोळे मिटून केले नाही; हाती रोकड हवी होती.

या इतिहासातून परदेशी ते वाईट असा बोध घ्यावयाचा नाही. ज्वारी स्वतःच एके काळी परदेशी होती. ध्यानात ठेवावयाचे ते एवढेच, की प्रत्येक बियाण्यात ते तयार करणाऱ्या समाजाचे दैनंदिन जीवन भरलेले असते : त्याची यंत्रे, त्याचे जेवण, त्याची जनावरे. उद्या नवे वाण येतील, यावेत. त्या वेळी एकरी उतारा विचारावाच. पण बियाणे कोणाच्या हाती राहणार, दाणा कोण खाणार आणि बैलापुढे काय पडणार, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावे.